चौदावा नियम आणि चौकीचं दार

नियम एकूण सदतीस होते. ते मी स्वतः लिहिले होते, दोनरेघी वहीत, लाल शाईने समास आखून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रकार ऐकल्यावर बरेच जण म्हणतात, "मास्तर, जायच्या आधी जरा चौकशी करायची होती." चौकशी! माझ्याइतकी चौकशी करून आजवर कोणी विमानात बसला असेल, तर त्याने पुढे यावं आणि माझ्याशी वही ताडून पाहावी.

माझी लेक, जावई आणि आठ वर्षांची नात एका मुस्लिम देशात राहतात. आम्ही दोघांनी महिनाभर त्यांच्याकडे जायचं ठरलं आणि लगेच लेकीचा फोन आला.

"बाबा, एकच सांगते. ह्यांच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण तुम्ही याल त्याच महिन्यात आहे. कागद वर गेलेत. आपल्या घराविरुद्ध त्या महिन्यात साधी तक्रारसुद्धा नको. परवाना नाही मिळाला तर सगळं आवरून परत यावं लागेल. इथले कायदे कडक आहेत, पण सरळ आहेत. पाळले की काही त्रास नाही."

"अगं, मला सांगतेस? चौतीस वर्षं चौथीचा वर्ग शांत ठेवलाय मी."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

वही उघडली त्याच दिवशी सल्लागार जमू लागले. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा घडवलेला आहे, त्यामुळे जाहिरात वेगळी करावी लागत नाही. पहिले आले शेजारचे विमावाले. हा गृहस्थ कुठेही जात नाही, पण जगात कुठे कोणाचं काय वाईट झालं याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे.

"मास्तर, तिकडे कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही," ते म्हणाले. "आमच्या एका पॉलिसीवाल्याच्या मेव्हण्याने नुसतं बघितलं होतं."

"मग?"

"मग त्याचं काय झालं ते कळलंच नाही."

मी लिहून घेतलं : नियम सहावा, नजर खाली ठेवावी. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू मापाची टेप गळ्यात घालून वर आल्या. त्या म्हणाल्या, "भलतंच काय! नजर चुकवणाऱ्या माणसाचाच संशय येतो. सरळ बघा."

"काकू, पॉलिसीवाल्याचा मेव्हणा—"

"तो मुळातच चोरटा असेल हो!"

दोन्ही पक्षांचा मान राखून मी नियमात दुरुस्ती केली : नजर मध्यम उंचीवर ठेवावी.

काकूंनी आमच्या हिच्यासाठी लांब बाह्यांचे, सैल कुर्ते शिवायचं मनावर घेतलं. ते इतक्या मनावर घेतलं की कुर्ता आला तेव्हा त्यात ही आणि काकू अशा दोघी आरामात मावत होत्या. मला चड्डी घालून रस्त्यावर फिरू नका असं बजावण्यात आलं. मी सातवीनंतर चड्डी घालून रस्त्यावर गेल्याचं कोणाला आठवत असेल तर त्याने सांगावं. पण नियम म्हणून तोही लिहिला.

मात्र सगळा वात्रटपणाच होता असं नाही. लेकीने फोनवरून नीट यादी दिली होती. पासपोर्टची एक प्रत नेहमी जवळ ठेवायची, मूळ प्रत घरात. आपल्या वकिलातीचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचा. परवानगीशिवाय कोणाचा, विशेषतः बायकांचा, फोटो काढायचा नाही. सरकारी इमारती, पोलीस, विमानतळ यांचा तर मुळीच नाही. हा चौदावा नियम, त्याच्याखाली मी दोनदा रेघ ओढली होती. धर्म आणि राजकारण यांवर अनोळखी माणसाशी वाद नको. प्रार्थना चालू असेल तर समोरून जायचं नाही. हे सगळं लिहिताना मला वाटलं, यात नवीन काय आहे? दुसऱ्याच्या घरी गेल्यावर विचारल्याशिवाय वस्तूला हात लावू नये, वडीलधारे सांगतील तिथे बसावं, मोठ्याने ओरडू नये. मी दर वर्षी सहलीच्या आदल्या दिवशी चौथीला हेच सांगत असे. देश म्हणजे मोठं घर. फक्त घरमालक पुष्कळ असतात.

वही पूर्ण झाल्यावर मी हिची तोंडी परीक्षा घेतली.

"नियम अकरा?"

ही मटार सोलत होती. "तुम्हीच सांगा."

"नवराबायकोने चारचौघांत हातात हात घालून फिरू नये."

हिने एक शेंग सोलली, दाणे मोजल्यासारखे पाहिले आणि म्हणाली, "हा नियम तुम्ही एकेचाळीस वर्षं पाळताय. मला वाटलं नव्हतं तो कुठल्या सरकारचा असेल."

मी पुढचा प्रश्न विचारला.

औषधांचा नियम मात्र कठीण निघाला. गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटात हव्यात, आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी. आमच्या घरात सगळ्या गोळ्या बिस्किटाच्या एका जुन्या डब्यात मुक्तपणे नांदतात. रक्तदाबाची गुलाबी, गुडघ्याची पांढरी, आणि एक पिवळी, जी कशाची आहे हे कोणालाच माहीत नाही, पण हिला तिचा गुण येतो. तो डबा बाजूला ठेवला, नवी पाकिटं आणली आणि मी डॉक्टरकडे गेलो. हा डॉक्टर माझा चौथीतला विद्यार्थी. त्याने बसल्या जागी चिठ्ठी खरडली आणि मी ती वाचायचा प्रयत्न केला. पाऊस पडून गेल्यावर चिखलात कोंबडी चालावी तसं अक्षर. वर पेशंटचं नाव : 'मास्तर'.

"अरे, पासपोर्टवर माझं मास्तर असं नाव नाही."

"सर, वीस वर्षं मी तुम्हाला याच नावाने गोळ्या देतोय."

"पूर्ण नाव लिही. आणि सुवाच्य लिही."

"सर, बाहेर माणसं खोळंबलीत."

"म्हणूनच एकदाच नीट लिही."

त्याने तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी त्याची जीभ किंचित बाहेर आली होती, चौथीत यायची तशी. बाहेर खोळंबलेली माणसं दारातून बघत होती. मला वाईट वाटलं, पण अक्षर सुधारलं.

याचं फळ विमानतळावर मिळालं. तिथल्या तपासनिसाने आमची औषधं बाहेर काढली, चिठ्ठी हातात घेतली, डोळे बारीक करून वाचायची तयारी केली आणि मग त्याचे डोळे आपोआप मोठे झाले. प्रत्येक शब्द त्याला वाचता आला. त्याने ती चिठ्ठी शेजारच्यालाही दाखवली. मग आदराने घडी घालून परत दिली आणि हसून आत जायची खूण केली. मध्यम उंचीवर नजर ठेवून मी आत गेलो.

पहिला आठवडा मी इतका काटेकोर वागलो की इमारतीच्या दारावरच्या रखवालदाराने लेकीला काळजीने विचारलं, "तुमच्या वडिलांची मान आखडली आहे का?" मी त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडे बघून नमस्कार करत होतो. त्या दिवशी सहाव्या नियमावर काट मारली आणि माणसांच्या तोंडाकडे बघायला लागलो. तोंडं चांगली होती. कोपऱ्यावरचा दुकानदार प्रार्थनेसाठी दुकान बंद करायचा तेव्हा बाहेर थांबलेल्या हिच्यासाठी आधी खुर्ची आणून ठेवायचा. विमावाल्यांना हे पत्राने कळवावं असं वाटलं, पण त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं.

आता नात. तिला मी प्रश्नपत्रिका म्हणतो, कारण ती तशी आहे. फक्त ती सोडवायला तीन तास पुरत नाहीत. एका दुपारी मी उलट तिलाच प्रश्न विचारला.

"तुझी शाळा आपल्या घरापासून कुठल्या दिशेला आहे?"

ती विचार करून म्हणाली, "लिफ्टच्या खाली."

"आणि दुकान?"

"गाडीच्या खिडकीच्या बाजूला. माझ्या खिडकीच्या. बाबांच्या नाही."

मी हादरलो. पोरगी हुशार; चार भाषा बोलते, इथली भाषा तर शाळेत शिकून पाण्यासारखी. पण ती दारातून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून वर्गात अशी वाढलेली. घर सोडून शंभर पावलांवर तिला उभं केलं असतं तर परत यायचा रस्ता सांगता आला नसता.

"आणि कधी हरवलीस तर?"

"नाही हरवणार. मी गाडीत असते."

ज्याने चौतीस वर्षं 'आपला परिसर' हा धडा शिकवला, त्याच्या काळजाचं काय झालं असेल याची कल्पना करा. मी तिला तीन वाक्यं पाठ करायला लावली. हरवल्यासारखं वाटलं की आधी थांबायचं. मग ओळखीची उंच खूण शोधायची. मग त्या खुणेवरून घर कुठे ते ठरवायचं, आणि तोवर एक पाऊलही टाकायचं नाही.

"उंच खूण म्हणजे?"

"चल, दाखवतो. आणि आपण नकाशा काढू."

निघताना मी मोबाईल मुद्दाम घरात ठेवला. ही म्हणाली, "अहो, फोन?" मी म्हणालो, "चौदावा नियम. हाताशी असला की मोह होतो. बाहेर पडतानाच नको." हिने कौतुकाने मान हलवली. एवढी खबरदारी मी घेतली होती, हे कृपा करून लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी तासभर, असे पाच दिवस आम्ही काम केलं. माझं पाऊल सव्वादोन फुटांचं आहे. शाळेच्या मैदानावर दर वर्षी मी ते तपासत असे. इमारतीच्या फाटकातून उजवीकडे एकशेचाळीस पावलं, की पाण्याची उंच टाकी. तिथून डावीकडे वळून दोनशेबारा पावलं एका लांबलचक भिंतीच्या कडेने. भिंतीमागे कसलीतरी सरकारी कचेरी होती. कसली, ते मला आजही माहीत नाही आणि आता माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. भिंत संपली की पोलीस चौकी, तिच्यापुढे मशिदीचा मनोरा. मी पावलं मोजत होतो, नात दुसऱ्या एका दोनरेघी वहीत चित्र काढत होती. पाण्याला निळा रंग, झाडांना हिरवा, मनोऱ्याला चंद्रकोर, पोलीस चौकीला लाल त्रिकोण. कडेला खुणांची सूची, वर उत्तर दिशेचा बाण. नकाशाला बाण नसेल तर मी दोन गुण कापत असे.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, हे भिंतीजवळचे काका बरोबर पाच वाजता बदलतात. मग दुसरे काका येतात."

"वा! निरीक्षण उत्तम. लिही."

तिने लिहिलं : 'पहारेकरी काका २. बदलतात ५ वाजता.' खाली मी लाल शाईने 'शाबास' लिहिलं.

"भिंत किती उंच, आजोबा?"

"अंदाज कर. तुझ्यासारख्या किती मुली एकावर एक?"

"तीन. आणि वर काटेरी तारा."

"तेही लिही."

तुम्ही आत्ता जे मनात म्हणालात, ते मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पण शिकवायला लागलो की मला बाकीचं दिसत नाही. फोटो काढायचा नाही हा नियम मी अक्षरशः पाळत होतो. मी फोटो काढत नव्हतो. मी फोटोत येणार नाही इतकी माहिती, मोजून मापून, रंगवून, वहीत भरत होतो.

पाचव्या दिवशी पाच वाजता काका बदलले आणि त्यातले एक आमच्याकडे चालत आले. त्यांनी अदबीने हात पुढे करून वही मागितली. पानं उलटली. सगळं मराठीत, त्यांना काही वाचता येईना. पण लाल त्रिकोण, भिंत, तारा आणि दोन माणसं हे कुठल्याही भाषेत वाचता येतं. त्यांच्या भुवया वर गेल्या. ते नातीशी काही बोलले.

"आजोबा, ते म्हणतायत, आपण चौकीत जाऊ या."

परवान्याचे कागद डोळ्यांपुढे आले. लेकीचं मांडलेलं घर, नातीची शाळा, सगळं एका दोनरेघी वहीपायी. खिशात पासपोर्टची प्रत होती, वकिलातीचा नंबर होता. फोन मात्र घरी होता. चौदाव्या नियमाने.

चौकीच्या भिंतीपाशी पोचल्यावर मी सवयीने समोरच्या दाराकडे वळलो. पहारेकऱ्याने माझा दंड हलकेच धरून मला इमारतीला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर नेलं. दार तिकडे होतं. मी नकाशात दार म्हणून दाखवायला लावलं होतं ती बंद खिडकी होती. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार परवान्याचा आला नाही. पहिला विचार आला : अरे देवा, नकाशा चुकला.

आतल्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि टेबलामागे मिशीत पांढरे केस असलेले एक अधिकारी. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं, नातीला फळांचा रस मागवला, मी सांगितल्यावर लेकीच्या घरी फोन लावून आम्ही इथे आहोत असं कळवलं आणि जावयाला कागदपत्रं घेऊन घरीच थांबायला सांगितलं. तेवढ्यात बाहेरून प्रार्थनेची हाक आली. ते नातीमार्फत म्हणाले, "दहा मिनिटं थांबा. थांबाल ना?"

"सांग, चौतीस वर्षं प्रार्थनेला वर्ग उभा केलाय. प्रार्थना चालू असताना मी जागचा हलत नाही."

आणि बसलेला मी सवयीने उभा राहिलो. नातही उभी राहिली. ते परत आले तेव्हा आम्ही दोघं हात जोडून, सरळ रेषेत उभे होतो. त्यांनी एकदा आमच्याकडे आणि एकदा दारातल्या पहारेकऱ्याकडे बघितलं, आणि बसायची खूण केली.

मग चौकशी. दुभाषी आठ वर्षांची. तिने आधी नकाशाची सूची वाचून दाखवली.

"आजोबा, ते विचारतायत, पहारेकऱ्यांची वेळ का लिहिली?"

"सांग, तू सांगितलीस म्हणून."

"मी नाही सांगणार. 'लिही' तुम्ही म्हणालात."

"बरं, सांग, आजोबा म्हणाले."

"आणि 'शाबास' पण सांगू?"

"ते राहू दे."

तिने तेही सांगितलं असणार. कारण अधिकाऱ्यांनी लाल शाईच्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी माझ्या खिशातून डोकावणारी दुसरी वही मागितली, नियमांची. नात एकेक नियम वाचून सांगू लागली. अधिकाऱ्यांनी टेबलावर कोपर टेकले. चड्डीच्या नियमाला त्यांची मिशी हलली. चौदाव्या नियमापाशी त्यांनी तिला थांबवलं, दोन रेघांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी हळू म्हणाले.

"आजोबा, ते म्हणतायत, म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"फोटोचं माहीत होतं. म्हणून फोन घरी ठेवला."

तिने सांगितलं. आणि तेव्हा कुठे, शिकवताना बंद पडलेलं माझं डोकं एकदाचं चालू झालं. फोटो का काढायचा नाही? कारण भिंतीची माहिती बाहेर जाऊ नये. मी नियमाचे शब्द पाठ केले होते, अर्थ वाचला नव्हता. वर्गात असं कोणी केलं असतं तर मी त्याला अर्थ दहा वेळा लिहायला लावला असता.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुझी नाही, पहारेकरी काकांची तर नाहीच. दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेला तर त्याने भिंती मोजू नयेत. मला एवढंच हवं होतं, की तू कधी चुकलीस तर तुला घरी येता यावं."

तिने ते शब्दशः सांगितलं. अधिकाऱ्यांनी नकाशा पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी लाल त्रिकोणावर बोट आपटलं.

"ते म्हणतायत, दार चुकलंय. दार दुसऱ्या बाजूला आहे."

"माहीत आहे म्हणावं," मी खाली मान घालून म्हणालो. आजवरच्या आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता.

ते उठले. नकाशाची वही त्यांनी खणात ठेवून खण बंद केला आणि नातीपुढे गुडघ्यांवर बसून काही बोलले. तिने डोळे मोठे केले.

"आजोबा, ते म्हणतायत, खरंच माझ्यासाठी नकाशा काढला असेल तर मी घरी जाऊन दाखवायचं. नकाशाशिवाय. सगळे माझ्या मागून येणार. आणि तुम्ही काहीच बोलायचं नाही."

"काहीच?"

"काहीच. खोकायचं पण नाही."

जन्मभर मी परीक्षेत 'कोणीही शेजाऱ्याला सांगायचं नाही' असं ओरडत फिरलो. ती शिक्षा काय असते, हे त्या दिवशी कळलं.

आम्ही पलीकडच्या रस्त्यावर बाहेर पडलो. तिथे सगळं उलटं होतं. भिंत पाठीमागे, मनोरा भलत्याच हाताला. नात झपाझप उजवीकडे निघाली, नकाशात उजवीकडे होतं म्हणून. एक पाऊल, दोन, तीन. माझ्या घशात 'अगं' आलं आणि मी ते गिळलं. अधिकारी मागे हात बांधून चालत होते. चौथ्या पावलाला ती थांबली. थांबलीच. मग जागच्या जागी गोल फिरली, हळूहळू, टाचा उचलून. चौकीच्या गच्चीच्या पलीकडे, आभाळाला टेकल्यासारखी पाण्याची टाकी उभी होती.

"टाकी तिथे कशी?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग माझ्याकडे वळून जरा रागाने म्हणाली, "आजोबा, तुम्ही दार उलटं सांगितलंत, म्हणून मी चुकले. डावीकडे जायचं!"

मी तोंड उघडलं नाही. नियम होता.

मग ती चालू लागली. चौकीला वळसा घालून भिंतीच्या कडेने आली, तोंडाने आकडे मोजत. तिची पावलं छोटी, त्यामुळे आकडे तीनशेच्या पुढे गेले तेव्हा ती गोंधळली, पण तिने वर टाकीकडे बघितलं आणि मोजणं सोडून दिलं. तिच्यामागे अधिकारी, त्यांच्यामागे पहारेकरी, आणि सगळ्यांच्या मागे मी, अशी आमची सहल टाकीपाशी उजवीकडे वळली. दुकानदार दुकानाबाहेर येऊन बघत होता. त्याच्या दुकानापाशी ती म्हणाली, "हे माझ्या खिडकीच्या बाजूला," आणि फाटकापर्यंत पळत सुटली.

फाटकात लेक, जावई, रखवालदार आणि ही, सगळे उभे होते. जावयाच्या हातात कागदांची फाईल होती. अधिकाऱ्यांनी ती घेतली, चाळली, परत दिली आणि त्याच्याशी बराच वेळ बोलले. जावयाचा चेहरा हळूहळू माणसात आला.

"बाबा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ते म्हणतायत, कागदावर काही घेतलेलं नाही. वही मात्र त्यांच्याकडेच राहील. परत असं काही काढायचं नाही. आणि..."

"आणि काय?"

"दहापैकी नऊ. एक गुण दाराचा."

मी मान खाली घालून तो निकाल स्वीकारला. योग्य निकाल होता. मी आठ दिले असते.

तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी लागलं. ही शेजारी येऊन उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला होता, बोटांत बोटं अडकवून, भर रस्त्यात, गणवेशातल्या दोन माणसांसमोर. तिचा हात गार पडला होता.

"अहो, सोड," मी घाबरून पुटपुटलो. घाबरलो की माझा व्याकरणावरचा ताबा सुटतो. "नियम अकरा!"

"असू दे," ती म्हणाली आणि हात सोडला नाही.

मी अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते पाठ फिरवून, मागे हात बांधून, पाण्याच्या टाकीकडे बघत होते. जणू तिची उंची किती असावी याचा अंदाज करत होते.